दादाचं प्रथिन

दादाला आयुष्यात कुणाला 'नाही' म्हणता आलं नाही. हा त्याचा मोठा गुण, असं गल्लीतले लोक म्हणत, आणि लोकांपेक्षा जास्त वेळा तो स्वतःच म्हणत असे. कुणाला सामान हलवायला गाडी हवी, दादा हजर. कुणाच्या मुलासाठी शाळेत ओळख काढायची, दादा निघालाच. आता गाडी अर्ध्या वाटेत बंद पडायची आणि शाळेतल्या ओळखीच्या माणसाची केव्हाच बदली झालेली असायची, हा भाग वेगळा. लोकांना 'हो' ऐकायला आवडतं, दादाला 'हो' म्हणायला आवडायचं. एवढ्यावर माणसाचं अख्खं आयुष्य मजेत निघून जातं, मधेच कुणी खरोखर काही मागितलं नाही तर.

धंदा ड्रायव्हिंग स्कूलचा. चपलांचं दुकान आणि औषधांचं दुकान यांच्यामध्ये चेपून बसलेली एक खोली, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा उन्हाने विटलेला तक्ता, काही प्लास्टिकच्या खुर्च्या आणि दारात ती गाडी. शेजारच्या सीटवर दादा, त्याच्या पायाशी वेगळा ब्रेक. शिकणाऱ्यावर तो कधी ओरडायचा नाही. "वा! तुम्ही तर जन्मजात ड्रायव्हर!" म्हणायचा आणि हळूच ब्रेक दाबायचा. शिकणाऱ्याला वाटायचं, गाडी आपणच थांबवली. अशी किती जन्मजात ड्रायव्हर मंडळी पुढे खांबांना जाऊन धडकली, ते विचारू नका.

खरं शिकवणं बेबीचं. बेबी म्हणजे दादाची धाकटी बहीण. चाळिशी ओलांडली तरी घरात आणि दारात बेबीच. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणाऱ्यांना ती क्लचवरून पाय हळू सोडायला सांगायची. ऑफिस तिचं, फोन तिचा, बायकांचे क्लास तिचे. चढावर गाडी मागे घसरू न देता उचलायला तिने ज्यांना शिकवलं, त्या बायका आयुष्यात कुठेच मागे घसरल्या नाहीत, असं दादा लोकांना सांगायचा. कौतुक करण्यात त्याने कधी हात आखडता घेतला नाही.

त्या बेबीच्या पायात एक दिवस बूट जाईना. नाडी सैल केली, दुसरे बूट आणले, तेही होईनात. सकाळी डोळ्यांवर सूज, संध्याकाळी पायांवर. लघवीला फेस यायचा, तो पाणी ओतलं तरी जायचा नाही. लाज वाटून तिने हे बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही. शेवटी क्लचवर पाय दाबताना बोट रुतून खड्डा पडावा तसा पेडलचा वळ पायावर राहिला आणि शिकायला आलेल्या नर्सबाईंनीच तिला गाडीसकट हॉस्पिटलात नेलं.

किडनीच्या डॉक्टरांनी कागदावर चाळणी काढून दाखवली. "रक्तातलं प्रथिन या चाळणीतून खाली पडता कामा नये. तुमचं पडतंय, म्हणून फेस आणि म्हणून सूज. आता चाळणी का फाटली? तर तिच्या पेशींवर एक प्रथिन असतं, अगदी तुमचं स्वतःचं, घरचं. तुमच्या शरीराची प्रतिकारशक्ती त्यालाच परकं समजून बसली आहे आणि त्याच्यावर अँटिबॉडी सोडते आहे. घरच्याच रखवालदाराने घरच्या माणसाला झोडपावं, तसं चाललंय." मग त्यांनी रक्ताची एक तपासणी सांगितली. ही अँटिबॉडी रक्तात किती आहे ते त्यात कळतं. आकडा वर, म्हणजे रखवालदार पिसाळलेला. आकडा खाली, म्हणजे शांत.

घरी सगळ्यांनी त्या तपासणीचं नावच 'आकडा' पाडलं. आकडा काय म्हणतो? आकडा चढलाय. आई तर देवासमोर हात जोडून आकड्यासाठी काहीतरी मागायची आणि मागता मागता गोंधळायची, कारण तो चढायला हवा की उतरायला, हे तिच्या नीट लक्षात राहत नसे.

आकडा उतरला नाही. प्रतिकारशक्ती दाबायची औषधं झाली, त्यांनी चेहरा गोल झाला, केस गेले, साधा खोकला महिना महिना रेंगाळला, आणि एवढं सोसूनही किडन्या गेल्याच. बेबीचं डायलिसिस सुरू झालं. ज्या दिवशी तिच्या हातात पहिल्यांदा त्या जाड सुया घातल्या, त्या दिवशी दादा वॉर्डाच्या दारात उभा राहिला आणि नर्सेस, वॉर्डबॉय, शेजारच्या पलंगांवरची माणसं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बेबी, रडायचं नाही! हा भाऊ कशाला आहे? एक काय, माझ्या दोन्ही किडन्या घे!"

शेजारच्या पलंगावरच्या म्हातारबाईंनी डोळे पुसले. दादाचेही डोळे भरून आले. ते खरे अश्रू होते, त्यात खोट नव्हती. स्वतःचं बोलणं ऐकून त्याला नेहमीच भरून यायचं.

डॉक्टर म्हणाले, "भावना समजतात, पण एवढ्यात नाही. आकडा एवढा वर असताना नवी किडनी बसवली, तर ही अँटिबॉडी तिचीही तीच गत करील. आधी आकडा उतरू दे, आणि उतरून टिकू दे."

इथून दादाचे सोन्याचे दिवस सुरू झाले. स्कूलमध्ये शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या गिअरच्या आधी ही गोष्ट कळायची. "मी तर आज टेबलावर झोपायला तयार आहे हो, पण तो आकडा!" लोक त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवत आणि तो उतरायचं नावच घेत नसे. चपलेच्या दुकानदाराने एका समारंभात त्याचा सत्कार करवला. न दिलेल्या किडनीबद्दल सत्कार झालेला तो बहुधा पहिलाच माणूस असावा. तिथेही त्याने भाषण केलं. आकडा वर होता तोवर दादा दानशूर होता. त्याला त्यासाठी काही करावं लागत नव्हतं, नुसता आकडा वर राहायला हवा होता.

वाईट वाटतं, पण सांगायला हवं. दादा भित्रा होता. दुष्ट नव्हता, लबाडसुद्धा जन्मापासून नव्हता, नुसता भित्रा होता. दाढ काढायच्या भीतीने त्याने एका बाजूने जेवण्यात वर्षं काढली होती. बहिणीवर त्याचा जीव होता. तिला हॉस्पिटलात नेणं-आणणं, तिच्या उशाशी बसून गाडीवाल्यांच्या नकला करून तिला हसवणं, हे त्याने कधी चुकवलं नाही. फक्त आपलं पोट कुणीतरी सुरीने उघडणार, ही गोष्ट त्याने मनात कधी आणलीच नव्हती. आकड्याने आणू दिली नव्हती.

आणि आकडा उतरला. सुरुवातीला कुणाचा विश्वास बसेना. दुसऱ्यांदा रक्त दिलं, आणखी उतरला. पुढच्या खेपेला डॉक्टर कागद हातात घेऊन स्वतः बाहेर आले. "अँटिबॉडी सापडतच नाही. रखवालदार झोपला. आता उशीर नको, हा आजार पुन्हा उठूही शकतो." बेबीने दादाकडे पाहिलं. औषधांनी सुजलेला तो गोल चेहरा इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोकळा हसला, आणि दादाने डॉक्टरांना विचारलं, "आणखी एकदा तपासून बघायचं का?"

आईला साखरेचा आजार, तिची किडनी घेता येत नव्हती. मृत दात्याच्या किडनीसाठीच्या यादीत बेबीचं नाव होतं, पण ती यादी मुंगीच्या पावलांनी सरकायची. दुसरं कुणी नव्हतं. दादाचा रक्तगट जुळला, पेशी जुळल्या, आणि प्रत्येक जुळणीबरोबर घरातला आनंद आणि दादाची रात्रीची झोप उलट्या दिशांना जाऊ लागली.

हॉस्पिटलात एक पद्धत असते. किडनी देणाऱ्याला एकट्याला खोलीत बसवतात, घरचं कुणी बरोबर नाही. समुपदेशक बाई दार लावून घेतात आणि विचारतात. दादालाही विचारलं. बाई शांत आवाजाच्या होत्या. म्हणाल्या, "हे बघा, कुणाच्या दबावाखाली असाल किंवा मनातून नको वाटत असेल, तर इथे सांगा. आम्ही घरी एवढंच सांगू की तपासणीत तुम्ही बसत नाही. कारण सांगत नाही आम्ही. तुमच्या बहिणीलासुद्धा नाही. कुणाला कधी कळणार नाही."

सुटकेची वाट मोकळी होती. नुसतं उठून बाहेर पडायचं होतं. एक शब्द, तोही लावलेल्या दाराआड, एका अनोळखी बाईसमोर. पण दादाला त्या एका अनोळखी बाईसमोरही लहान व्हायला जमेना. छाती पुढे काढून तो म्हणाला, "काय बोलता बाई! बहीण आहे माझी. दोन्ही देतो म्हणालोय मी." बाईंनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

आता या घरात अंड्यांची काय गोष्ट होती तेही ऐका. डायलिसिसवरच्या माणसाच्या अंगातलं प्रथिन झिजत राहतं, म्हणून आहाराच्या बाईंनी बेबीला रोज अंड्याचं पांढरं खायला सांगितलं होतं. पिवळा बलक नाही, त्यातलं फॉस्फरस तिला चालत नव्हतं. तेव्हा रोज सकाळी वहिनी, म्हणजे दादाची बायको, अंडी उकडायची, पांढरं बेबीच्या ताटात आणि बलक दादाच्या. "पांढरं म्हणजे शुद्ध प्रथिन," असं त्या आहाराच्या बाई म्हणाल्या होत्या, तेव्हा दादा शेजारी बसून मान डोलावत होता.

डॉक्टरांनी दादाला मोठा कॅन दिला आणि दिवसभराची, रात्रभराची लघवी त्यात जमवून आणायला सांगितली. किडनी देणाऱ्याची चाळणी धड आहे की नाही, ते त्यातल्या प्रथिनावरून कळतं. प्रथिन जात असेल तर त्या माणसाची किडनी घेत नाहीत. आधी त्यालाच जपायला सांगतात. दादाने हे ऐकलं. सकाळी घरात कुणी उठायच्या आत त्याने एक अंडं फोडलं, बलक बाजूला काढला, पांढरं पाण्यात घुसळलं, रुमालातून गाळलं आणि कॅनमध्ये ओतलं. बलक खाऊन टाकला. कच्चा.

"अंडी हल्ली लवकर संपतात," वहिनी नंतर एकदा म्हणाली. पण तिने त्यापुढे विचार केला नाही. नवऱ्याचं ऑपरेशन टळलं याचा तिला आनंद झाला होता, आणि तो लपवता लपवता तिची पुरेवाट झाली होती. अशा वेळी अंडी कोण मोजतं?

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर बुचकळ्यात पडले. "ब्लड प्रेशर उत्तम, रक्त उत्तम, अंगावर सूज नाही. आणि लघवीत एवढं प्रथिन?" त्यांनी पुन्हा नमुना मागितला, या वेळी तिथल्या तिथे. दादाच्या खिशात डोळ्यांच्या औषधाची जुनी बाटली होती, आणि ती रिकामी नव्हती. दुसराही रिपोर्ट तसाच. डॉक्टरांनी दादाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. त्यांना कळलं की नाही कोण जाणे. म्हणाले, "सध्या तुम्हाला घेता येणार नाही. कधीकधी हे तात्पुरतं असतं. तीन महिन्यांनी परत पाहू. नाहीच गेलं तर सुईने किडनीचा तुकडा काढून तपासावा लागेल."

दादा बाहेर आला. तोंड पाडायची तयारी त्याने केली होती, त्याची गरजच पडली नाही. बेबीने त्याचा चेहरा पाहिला, सगळं ऐकलं आणि ती हमसून हमसून रडू लागली. किडनी हुकली म्हणून नाही. "दादा, तुलाही? अरे, तुलाही तेच?" त्याचा हात तिने सोडला नाही. "माझ्यासाठी तपासलं म्हणून कळलं तरी. वेळेत कळलं रे. आपण लगेच पथ्य सुरू करू. माझ्यासारखं नाही होऊ द्यायचं तुझं."

दादाने एकच गोष्ट हेरली नव्हती. सुटून पुन्हा निरोगी माणसासारखं राहायचं त्याने ठरवलं होतं, पण सुटायला त्याला आजारी व्हावं लागलं, आणि आजाऱ्याची या घरात काय बडदास्त असते हे त्याने वर्षानुवर्षं बघितलं होतं. त्याच्या जेवणातलं मीठ गेलं. लोणची, पापड, फरसाण, सगळं कपाटात कुलूपबंद. मांस बंद, बलकसुद्धा बंद. वहिनी बिनमिठाची भाजी पुढे ठेवायची आणि बेबी समोर बसून "सवय होते रे, बघ मी कशी शिकले" म्हणत त्याला घास घास भरवल्यासारखं जेवू घालायची. ब्लड प्रेशरचं यंत्र घरात आलं. आई त्याच्या पायावर बोट दाबून खड्डा पडतो का बघायची. ज्या चपलेच्या दुकानदाराने सत्कार केला होता, तो आता दुकानातून उठून येऊन हात हातात घेत म्हणायचा, "देवाचा न्याय उलटा असतो दादा. जो द्यायला निघाला, त्यालाच!" दादा सुस्कारा सोडायचा आणि त्या दुकानामागे जाऊन खारे शेंगदाणे खायचा.

तीन महिने झाले. त्याने परत बाटली खिशात घातली. प्रथिन निघालं. सुईने तुकडा काढायचं त्याने पुढे ढकललं. आणखी तीन महिने. घरातलं प्रत्येक माणूस आता दादाची लघवी स्वच्छ निघावी म्हणून जीव टांगणीला लावून बसायचं, आणि दादा एकटाच ती निघू नये म्हणून. खोटेपणा एकदाच करायचा असतो अशी त्याची समजूत होती. तो तर पाळीव जनावरासारखा घरात राहायला आला, वेळच्या वेळी खायला मागू लागला.

एकदा त्याला वाटलं, बस झालं, बाटली न घेताच जावं आणि होईल ते होऊ द्यावं. हॉस्पिटलच्या दारापर्यंत तो तसाच गेला. मग समोरून एक माणूस ट्रॉलीवरून आला, हिरव्या कपड्यात, तोंड उघडं, डोळे पांढरे. दादा मागे वळला, कोपऱ्यावरच्या दुकानातून अंडं घेतलं आणि स्वच्छतागृहात शिरला. रुमाल खिशात होताच.

इकडे बेबी खंगत चालली. हाताची डायलिसिसची शीर दोनदा बिघडली. मग मानेत नळी घातली, नळीला जंतू लागले, आणि औषधांनी दबलेली प्रतिकारशक्ती त्यांच्याशी धड भांडेना. ऑफिसात बसणं बंद झालं. तिच्या बायकांचे क्लास दादा घेऊ लागला आणि त्या बायका एकेक करून दुसऱ्या स्कूलला गेल्या. आकडा मात्र अजून खाली होता. "टिकलाय हे नशीब समजा," डॉक्टर म्हणाले, "पण अशा जंतुसंसर्गानंतर तो कधी वर येईल, सांगता येत नाही. यादीत नंबर लागला तर ठीक. भावाचं प्रथिन थांबलं असतं तर सोनं झालं असतं."

बेबीने ते मनावर घेतलं. दादाच्या पुढच्या तपासणीला आठवडाभर होता. तिला धीर धरवेना. कपाटात तिच्या जुन्या दिवसांतल्या पट्ट्यांची डबी होती, लघवीत बुडवली की पिवळी पट्टी हिरवी होणाऱ्या. पण तारीख उलटून गेलेली आणि पट्ट्यांचे चौकोन काळवंडलेले. तेव्हा तिला जुनी रीत आठवली. आजाराच्या सुरुवातीला त्या नर्सबाईंनीच तिला शिकवली होती. काचनळीत लघवी घ्यायची, वरचा भाग ज्योतीवर तापवायचा, दोन थेंब व्हिनेगर टाकायचं. पाण्यासारखी राहिली तर ठीक. धुरकट झाली आणि धुरकटच राहिली, तर प्रथिन.

"दादा, जरा कपात नमुना दे ना," सकाळी ती म्हणाली. "घरीच बघते. मला आतून वाटतंय, या वेळी गेलं असेल."

"अगं, कशाला उगाच? डॉक्टर बघतीलच की."

"दे रे. माझं मन राहत नाही."

'नाही' म्हणायची सवय नव्हतीच. दादाला वाटलं, पट्ट्या काढल्या असतील. आणि घाईत, स्वयंपाकघरात आई येईल या धाकात, त्याने पांढरं पाण्यात नीट घुसळलंही नाही, गाळलंही नाही. हात सैल सुटला आणि जवळजवळ अर्ध्या अंड्याचं पांढरं कपात गेलं. कप झाकून त्याने बेबीच्या हातात दिला आणि तो बाहेर जाऊन पेपर घेऊन बसला.

"दादा," तिने हाक मारली. मोठ्याने नाही. "जरा आत ये."

बेबीच्या मागच्या खोलीत टेबलावर मेणबत्ती पेटलेली होती. काचनळी तिने कपड्याच्या चिमट्यात धरली होती. नळीत धुरकट काही नव्हतं. नळीत घट्ट, पांढरा, फुगीर गोळा बसला होता, वरून किंचित फाटलेला, आणि खोलीभर उकडलेल्या अंड्याचा वास होता. इतकी वर्षं रोज सकाळी तिच्या ताटात येणारा वास. तो ओळखायला तिला डॉक्टर लागत नव्हता.

दादा दारातच उभा राहिला. 

"प्रत्येक वेळी?" तिने विचारलं.

त्याने मान खाली घातली.

बेबी खुर्चीवर बसली. तिची मानेची नळी पट्टीखाली श्वासाबरोबर उचलली जात होती, खाली जात होती. "मी तुझ्यासाठी रडले रे," ती म्हणाली. "स्वतःसाठी नाही रडले एवढी. यंत्रावर पडल्या पडल्या मी देवाला म्हणत होते, माझं राहू दे, दादाचं थांबव. मीठ नसलं की तुझा चेहरा उतरतो म्हणून मीही तुझ्याबरोबर अळणी जेवत होते. मला डॉक्टरांनी थोडं चालेल म्हटलं होतं."

"बेबी, ऐक..."

"नुसतं नको म्हणाला असतास. एवढंच. मी तुला घरातून हाकललं असतं का? मी म्हटलं असतं, बरं बाबा, नको. भीती मलाही वाटते. तू घाबरतोस हे मला काय आज कळलं? लहानपणी तुझं इंजेक्शनसुद्धा मी पुढे होऊन घेतलंय."

हे ऐकल्यावर दादाच्या अंगात एकदम पूर्वीचा दादा संचारला. त्याचे डोळे भरून आले, छाती भरून आली. "चल!" तो म्हणाला. "आत्ता चल. मी डॉक्टरांना सगळं सांगतो, पाय धरतो त्यांचे. उद्याच घ्या म्हणतो किडनी. मी देतो बेबी, आईची शपथ, मी देतो!"

बेबीने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. चढावर गाडी घेऊन उभ्या असलेल्या नवशिक्याकडे बघावं, तसं. मग म्हणाली, "नको. तू परत दारापर्यंत येशील आणि परत मागे फिरशील. मी परत आशा लावून बसेन. तेवढी ताकद नाही राहिली माझ्यात. नको मला तुझी किडनी."

आणि दादाचा जीव भांड्यात पडला.

त्याला हे हायसं वाटणं नको होतं. त्या क्षणी तरी नको होतं. लाज वाटायला हवी होती, ती वाटली, पण आधी हे झालं. खांदे सैल पडले, अडकलेला श्वास सुटला. चेहरा तसाच दुःखी ठेवायची त्याने शिकस्त केली. पण बेबी त्याच्या चेहऱ्याकडेच बघत होती, आणि तिने ते सगळं पाहिलं.

तिने मेणबत्ती विझवली. नळीतला गोळा सुईने मोकळा करून कागदात गुंडाळला, कचऱ्यात टाकला, नळी धुतली. बाहेरून आईचा आवाज आला, "काय गं, काय निघालं? गेलं का माझ्या लेकराचं?"

"नाही गं आई," बेबी म्हणाली, "अजून जातंय."

आई भिंतीला धरत धरत आत आली. दादाजवळ येऊन तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, केसांतून फिरवला, आणि म्हणाली, "नको रे काळजी करूस राजा. एकीचं असं झालं, आता तुला तरी मी काही होऊ देणार नाही." दादाने मान खाली घातली आणि तो हात डोक्यावर तसाच राहू दिला.